आत्याचा आवाज डब्यातनं काढताना

…वायर. वायरीचं नाव काढू नका माझ्याम्होरं. जो येतो त्यो त्येच म्हनतो, अरे महेंद्र, त्यात काय एवढं, एक वायर जोडायची, झालं काम. तुमाला सांगतो, ह्ये वाक्य ज्यानं काढलं ना, त्याला माझ्याम्होरं आना, मी त्याला त्याच वायरीनं खुर्चीला बांधून आख्खी कॅसेट ऐकवतो, दोन्ही बाजू. आन ती कॅसेट कसली, ते सांगतो, पन मला आधी सुरवातीपासनं येऊ द्या, न्हाईतर मधनंच सांगाय लागलो की तुमी मलाच हसनार. तसं बी हसनारच हाय म्हना.

मी कोन? तिसगावचा महेंद्र साउंडवाला. बाजारतळाच्या कडंला दुकान हाय. लगीन असो, जयंती असो, निवडनूक असो, कर्णा माझाच ओरडतो. म्हंजी वायर ह्योच माझा धंदा. घरात वायर, खाटंखाली वायर, ज्वारीच्या कनगीत वायर. एकदा माधुरीनं, म्हंजी आमच्या मंडळीनं, धुनं वाळत घातलं, मी म्हनलं दोरी लई झकास आनली, कुटनं आनली? जवळ जाऊन बघतो तर माझीच स्पीकरची वायर. आशा घरातल्या मानसाला वायर मिळू नये? सांगा तुमी. समुद्रातल्या माशाला पानी मिळंना म्हनल्यावानी झालं का न्हाई?

तर झालं काय, पुण्यात एक रेकॉर्डिंगवाला दुकान मोडीत काढत हुता. त्याच्याकडनं मी एक मशीन आनलं. हार्ड डिस्क रेकॉर्डर. दिसायला बाजाच्या पेटीचं धाकटं भावंड. वर सरकवायच्या दांड्या, बटनं, पुढं एक बारकी खिडकी, तिच्यात हिरवी अक्षरं. आत कॅसेट न्हाई, फीत न्हाई, काय न्हाई. आवाज आत गेला की थेट हार्ड डिस्कवर बसतो, कॉम्प्युटरमधी आसती ना, तसल्या. आन वर एकाचा आवाज येगळ्या खान्यात, दुसऱ्याचा येगळ्या. गानाऱ्याला खोकला आला तर तेवढाच पुसायचा, ढोलकी तशीच ऱ्हाती. मी म्हनलं, महेंद्रा, आता तू नुसता कर्णेवाला न्हाईस, आता तू स्टुडिओ. दुकानाच्या मागच्या खोलीला गोधड्या ठोकल्या, दारावर पाटी लावली, आन पयलं रेकॉर्डिंग कुनाचं? आमच्या आत्याचं.

आत्या म्हंजी भिमाबाई. माझ्या बापाची थोरली भन. तिसगाव ते पाथर्डी कुनाला बी इचारा. जयंतीला तिचं गानं झाल्याबिगर मिरवनूक हालत न्हाई. सगळी गानी तिची सोताची, रचलेली बी तिनंच, खुरपता खुरपता. कागदावर एक न्हाई. मी कवा म्हनलं, आत्या, कुटंतरी लिहून ठिव, तर म्हनायची, लिवलेलं गानं वाचावं लागतंय रं, आन वाचाय लागलं की हात आडकतो, मंग खुरपायचं कोनी?

पन आत्याची एक अडचन हुती. दात. पाथर्डीच्या दाताच्या डॉक्टरनं सांगितलेलं, मावशी, हे सगळे काढून टाका, कवळी बसवू. आत्या तयार न्हाई. का, तर म्हनली, माझा सूर ह्या दातांच्या फटीतनं भाईर पडतो, फट गेली की सूर गेला. लोकान्ला दातदुखीचं पडल्यालं आसतं, हिला फटीचं. शेवटाला मी म्हनलं, आत्या, आसं करू, आधी तुझी सगळी गानी ह्या मशिनीत भरू, मंग तू खुशाल दात काढ, सूर डब्यात जपून ऱ्हाईल. तवा कुटं तयार झाली.

संक्रांतीच्या सुमाराला बसली गायला. ढोलकी मी धरली, पाठीमागं कोरस माधुरीचा. आन काय गायली वो. त्यातलं एक गानं, बाबासाहेबांच्या सहीचं… सोन्याहून सुरेख गं साहेबाची सही, लेकीच्या दाखल्यावर तीच सही ऱ्हाई… गोधड्या ठोकल्याल्या खोलीत माझ्या आंगावर काटा. मशिनीच्या खिडकीतली हिरवी अक्षरं सुदिक थरथरली, आता ती लाईट कमीजास्त झाल्यानं थरथरली म्हना, पन थरथरली.

झालं. आत्या गेली पाथर्डीला, दात काढून आली. हिरड्या भरल्या, होळीच्या टायमाला कवळी बसली. आन पयल्यांदा गायला त्वांड उघडलं आन… शोन्याहून शुरेख गं शाहेबाची शई. आन परत्येक श सोबत एक शिट्टी. आळीतली कुत्री उठून उभी ऱ्हायली. आत्यानं कवळी काढली, पदराला पुसली, परत घातली, परत तेच. म्हनली, ऱ्हाऊ दे, डब्यात हाय ना ती, चांगल्या दाताची?

तुमाला आता कळलं का पेच? ती गानी जगात दुसरीकडं कुटंच न्हाईत. कागदावर न्हाईत, आत्याच्या तोंडात बी आता न्हाईत. हायेत ती फकस्त त्या डब्यात. आन जयंतीला कॅसेट काढतो म्हनून मी आख्ख्या गावाला सांगून बसल्यालो.

पुण्याचा कॅसेट काढनारा आधी म्हनला, मशीनच घिऊन या. मी आपला निवांत. मार्च लागल्यावर म्हनतो, मशीन नको, आमचा त्यातला जानकार मानूस गेला सोडून, तुमी सीडी करून द्या. मी म्हनलं, साध्या कॅसेटवर भरून देतो की. न्हाई म्हनला, कॅसेटवरनं कॅसेट काढली की मागं नुसतं पावसावानी सर्र्र ऐकू येतंय, सीडीच पायजे. सीडी कशावर हुती? कॉम्प्युटरवर. म्हंजी गानी ह्या डब्यातनं त्या डब्यात न्यायची. मी इचारलं, कशी न्यायची? तर फोनवर म्हनला, त्यात काय, एक वायर जोडायची, झालं काम.

ही पयली बार. मोजू नका, मी सोडलंय मोजायचं.

नगरला सावेडीत सुश्रुत सरांचा कॉम्प्युटर क्लास हाय. मानूस लई सज्जन, एकदा त्यांच्या ग्यादरिंगला माझा माईक लावल्याला, तवाची वळख. त्यांच्याकडं सीडी लिहायचं मशीन हुतं. मी डबा गोधडीत गुंडाळला आन निघालो, तर आत्या दारात उभी, लुगडं बदलून, पिशवी घिऊन. म्हनली, मी येनार. म्हनलं, तू कशाला? म्हनली, आवाज माझा हाय, वाटंत काय झालं तर जबाबदार कोन?

एस्टीत बसलो. कंडक्टरनं माझ्या मांडीवरचं गाठोडं बघितलं आन म्हनला, लगेज लागंल. मी आपला खिशात हात घालतोय तवर आत्या म्हनती, लगेज न्हाई ते, मी हाय. कंडक्टर म्हनला, तुमी तर ह्या हितं बसलाय. आत्या म्हनली, ही मी कवळीची, ती मी दाताची, म्हाताऱ्या दोघीबी हायेत, अर्धं तिकीट फाड. त्या कंडक्टरनं करंजी घाट चढून उतरस्तवर इचार केला, शेवटाला काय बी न फाडता म्होरं जाऊन बसला. आन घाटात ते खड्डे. दर खड्ड्याला मी डबा छातीशी धरतोय, आन आत्या गोधडीवर हात फिरवून म्हनती, बश बाई गप, आलंच नगर.

सरांनी मशीन टेबलावर ठिवलं, मागनं बघितलं, फुडनं बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं. सर बोलायला शुद्ध. "वा, सुंदर वस्तू आहे हो महेंद्रराव. काही अवघड नाही. एक वायर जोडायची, झालं काम."

मला तवाच घाम फुटाय पायजे हुता.

मशिनीच्या मागं एक रुंद खाचा हुता, बारक्या बारक्या भोकांचा. सर म्हनले, ह्याला स्कझी म्हणतात. आत्यानं माझ्या कानात इचारलं, कजाग? म्हनलं, तसंच कायतरी. सरांनी प्रिंटरची वायर आनली. एक टोक, काय सांगू, त्या खाच्यात आसं बसलं जसं त्याच्यासाठीच केल्यालं. आमी खूश. मंग दुसरं टोक धरून सर कॉम्प्युटरच्या मागं गेले, तर त्ये टोक बसंल आसं एक बी भोक कॉम्प्युटरला न्हाई. सरांनी वायर उलटी केली. आता हिकडचं टोक कॉम्प्युटरला बसलं, तर तिकडचं मशिनीला बसंना. सर परत उलटी करायला लागले. आत्या म्हनली, शर, शोयरीक जमत न्हाई ती, कशाला पोरीला फिरवताय.

सरांनी लोकान्ला फोन केले. कोन म्हनलं, येगळं कार्ड लागंल, मुंबैहून येईल. कवा येईल? म्हईन्याभरात. जयंती तर पंधरवड्यावर आल्याली. मंग सरांनी मशिनीकडं परत बघितलं आन त्यांच्या ध्यानात आलं, की फुडच्या बाजूला एक कप्पा हाय, खटका दाबला की ड्रावरसारखी हार्ड डिस्कच भाईर येती. सर आसं हसले. म्हनले, अहो, ही तर साधीच डिस्क आहे, आपल्या कॉम्प्युटरमध्ये असते तीच. ही काढायची, ह्यात लावायची, आतली एक वायर जोडायची, झालं काम. म्हंजी तिथं बी वायर हाईच, फकस्त आता ती आत गेली.

आता बघा देखावा. कॉम्प्युटरचं एका बाजूचं पत्र्याचं झाकन काढल्यालं. आतली वायर आखूड. म्हनून सर टेबलाखाली मांडी घालून बसल्याले, आन आत्याच्या आवाजाची डिस्क दोन्ही हातात धरून ठिवल्याली, तान्हं पोर पाजायला आईजवळ धरावं तशी. हालायचं न्हाई. त्यांनी मला खालनंच सांगितलं, बटण दाबा. मी दाबलं. कॉम्प्युटर गुरगुरला, उजेड पडला, आन पडद्यावर एक चौकोन आला, इंग्रजीत कायतरी लिवल्यालं, खाली दोन बटनं. मी अक्षरं लावून वाचून दाखवली. मंग सर लई बारीक आवाजात म्हनले, महेंद्रराव, काही दाबू नका.

आत्यानं इचारलं, काय म्हनतंय ते?

सर खालनं म्हनले, त्याला आपल्या मशीनची भाषा कळत नाही आजी. म्हणून तो म्हणतोय, ह्या डिस्कवर काहीच नाही, पुसून स्वच्छ करू का?

आत्यानं पडद्यावर बोट ठिवलं. मंग म्हनली, "काहीच न्हाई? आख्खी मी हाय त्यात."

मी म्हनलं, सर, तुमी वर या आन न्हाई म्हना त्याला. सर म्हनले, मला डिस्क सोडता येत नाही, चालू असताना हालली तर गेली. तुम्हीच करा. तो उंदीर धरा, बाण उजवीकडच्या बटणावर न्या, दाबा. उंदीर मी जन्मात पयल्यांदा धरत हुतो. हात घामानं वला. मी उजवीकडं ढकलला तर बान आभाळात गेला. खाली वढला तर निघाला डावीकडं, थेट व्हयच्या बटनाकडं. तुमी कवा बैल नांगराला जुपलाय का, पयल्यांदा? तसंच. मी वढतोय हिकडं, त्यो चाललाय तिकडं. टेबल संपलं, उंदीर कडंला आला, बान व्हयवर जाऊन थरथरत उभा. सर खालनं इचारत्यात, गेला का नाहीवर? मी म्हनतो, न्हाईवर न्हाई, व्हयवर हाय. सर म्हनत्यात, म्हणजे नाहीवर आहे ना? मी म्हनतो, न्हाई. सर म्हनले, मग दाबा.

आत्यानं मागनं माझं मनगट धरलं. सत्तरीची बाई, पन ख्वाडा आडकावल्यागत. मी न्हाई दाबत म्हनलो, तिचा इश्वास न्हाई. आन त्या झटापटीत, कुनाच्या बोटानं काय झालं ठावं न्हाई, आमी तिघं तसंच जागच्या जागी, आन…

लाईट गेली.

तुमाला सांगतो, धंदा माझा लाईटीचा, मी जन्मभर लाईट गेली की शिव्या घातल्यात. पन त्या दिवशी मी हात जोडले. सर टेबलाखालनं डिस्क छातीशी धरून भाईर आले, तर डोक्याला जळमट, आन चेहरा आसा, की इहिरीतनं वर काढल्याला मानूस. आन आत्या उठली, समोरच्या दुकानातनं पेढे आनले आन क्लासातल्या सगळ्यान्ला वाटले. पोरं इचारत्यात, आजी, पेढे कशाचे? तर म्हनती, लाईट गेली म्हनून.

पन पुसलं गेलं का ऱ्हायलं? लाईट यायची वाट बघितली. आल्यावर सरांनी डिस्क परत मशिनीच्या कप्प्यात सारली, मी सुरू केलं. खिडकीतली हिरवी अक्षरं यायला एवढा उशीर लावत्यात का कवा? आली. मी बटन दाबलं. आन आवाज आला… सोन्याहून सुरेख गं साहेबाची सही. स स्पष्ट. श न्हाई, शिट्टी न्हाई.

आत्या दाताच्या आत्याचं ऐकत बसली. गानं संपलं तवा तिनं मशिनीवर हात ठिवला आन हळूच म्हनली, "ऱ्हा बाई. तू तरी ऱ्हा." मी तिकडं बघितलंच न्हाई. बघवलं न्हाई.

मंग सरांनी चहा मागवला, चहा पिता पिता त्यांचं लक्ष मशिनीच्या कडंला गेलं, आन म्हनले, महेंद्रराव, हे काय, हेडफोनचं भोक? म्हनलं, व्हय. म्हनले, मग आपण आवाज नुसता वाजवायचा, आणि कॉम्प्युटरने तो ऐकून उतरवून घ्यायचा. जेवढं गाणं तेवढा वेळ लागेल, पण धोका नाही. एक वायर जोडायची…

फुडचं मी म्हनू दिलं न्हाई.

आन ती वायर तरी आमच्याकडं हाय का? मशिनीकडचं टोक जाड, कॉम्प्युटरकडचं बारीक. माझ्या घरी जाड-जाड वायरींचा ढीग, बारकं टोक एकाला न्हाई. शेवटाला सूर्यभान म्हनून एक रेडिओ दुरुस्तीवाला हाय नगरात, त्याच्याकडं गेलो. त्यानं आधी माझं समदं ऐकून घेतलं, कार्ड, डिस्क, उंदीर, पेढे. ऐकत ऐकत जुन्या वाकमनच्या वायरीचं एक टोक कापलं, माझ्या वायरीचं एक टोक कापलं, दोन्ही डाग दिऊन जोडली, फुंकर मारली, माझ्या हातात ठिवली. आन काय म्हनला आसंल? बरोबर. त्येच म्हनला.

तर लागली एकदाची वायर. मशिनीत गानं वाजतंय, कॉम्प्युटरच्या पडद्यावर हिरव्या रेघा नाचत्यात, सर खुश, मी खुश. मी वठावर बोट ठिवून गप बसल्यालो, तर सर म्हनले, अहो, बोला की खुशाल. आवाज वायरीतून जातोय, हवेतून नाही. मी म्हनलं, खरंच? म्हनले, शास्त्र आहे.

झालं. लोकान्ला बोला म्हनायचं आसतंय, आत्याला बोला म्हनायची गरज काय? तासभर आमी तिथं बसून निवांत गप्पा हानल्या. क्लास बी चालू. पयलं गानं म्या आन सरांनी कानाला लावून ऐकलं, एकदम सवच्छ, कारन त्या टायमाला आत्याचं त्वांड पेढ्यात हुतं. सरांनी सीडी काढली, मी पुण्याला धाडली, आन जयंतीच्या सकाळी एस्टीनं कॅसेटींची खोकी आली. ऐकायला येळ कुनाला? त्या दिवशी माझे कर्णे गावाच्या चारी कोपऱ्यान्ला. पार तिकडं नदीपतूर. म्हनलं, आज आत्याचा आवाज कुटं ऐकू आला न्हाई आसं व्हायला नको.

सांजच्याला कार्यक्रम. स्टेजवर आत्या, म्होरच्या गावचे एक पुढारी, आन खास पाव्हने सुश्रुत सर. कॅसेट लागली. पयलं गानं झालं. बाया डोळं पुसत्यात. माझा सत्कार म्हनून मला स्टेजवर वढलं, आंगाभवती शाल करकचून गुंडाळली, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात गुच्छ. आन दुसरं गानं लागलं, दाताची आत्या गातीय, एक कडवं झालं, आन चारी कोपऱ्यातनं कवळीच्या आत्याचा आवाज आला…

"ह्यो शर लई बारीक हाय रं म्हेंद्रा. बायको जेवाया घालती का न्हाई?"

कॉम्प्युटरला एक बारका माईक लावल्याला हुता. पोरान्ला इंग्रजी बोलायला शिकवायचा. त्यो बंद करायचा राहिल्याला. झालं शास्त्र.

सर स्टेजवर पान्याचा पेला धरून बसल्याले, तसेच. मी शाल सोडवतोय, शाल सुटंना. कॅसेटमधी आत्या गातीय आन मधीमधी आत्याच आत्याला सांगतीय, हितं श्वाश चुकला बघ माझा… हां, आता चांगलं घेतलं. मागं कोनतरी पोरगी इचारतीय, सर, पेज सेटअप कुठंय? मंग ढोलकी आशी चढत चढत समेवर आली, आन बरोबर समेवर, पन बरोबर, सरांची शिंक. आख्ख्या गावाच्या चारी कोपऱ्यान्ला. मी ढोलकी वाजवतो म्हनून सांगतो, त्या शिंकंइतकी नेमकी थाप मला जन्मात पडली न्हाई.

लोकान्ला वाटलं, मुद्दाम हाय. हसाय लागले. पाठोपाठ कॅसेटमधी सरांचा आवाज, जयंतीला नक्की येतो, फक्त त्या पुढाऱ्यांची भाषणं नकोत हो. पुढारी शेजारीच बसल्याले. आन लोकांनी टाळ्या वाजवल्या, आशा वाजवल्या की पुढारी उठले, नमस्कार केला, आन भाषन न करताच खाली बसले. तिसगावच्या इतिहासात पयली बार.

मी म्हनलं, झालं ना आता, ह्याच्या म्होरं काय ऱ्हायलंय? आन मला आठवलं. म्हनजे, मी काय बोलल्यालो ते आठवलं. शाल, नारळ, गुच्छ घिऊन मी टेपच्या मशिनीकडं पळालो, पायात वायर आडकली, माझीच, आन मी उपडा पडलो. आन चारी कर्ण्यांतनं माझा आवाज… "आत्या, कोरस जरा बारीक ठिवाय पायजे हुता. माधुरी शेवट आशी वढती ना, एस्टीनं घाटात ब्रेक मारल्यावानी."

माधुरी फुडच्या रांगंत बसल्याली. उठली, पायऱ्या चढून वर आली, मी पडल्याला तिथनं मला ओलांडून माईकपशी गेली. कॅसेटमधी कोरस आला तवा तिनं वरनं आपला खरा आवाज धरला आन शेवटचा सूर वढला. माझ्याकडं बघत वढला. वढला, वढला, घाट संपला, करंजी मागं पडली, नगर आलं, तरी ब्रेक सुटंना. बाया उभ्या ऱ्हाऊन टाळ्या वाजवाय लागल्या. आत्या कवळी काढून हसत हुती, हातात धरून, सांडू नये म्हनून.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांची माफी मागितली, म्हनलं, सरांकडं परत उतरवतो, माईक बंद करून, सवच्छ कॅसेट काढून देतो, ही परत द्या. काढली बी. शिंक न्हाई, गप्पा न्हाई, नुसतं सोन्यासारखं गानं. खोकी तशीच पडल्यात दुकानात. एक मानूस न्यायला तयार न्हाई. गिऱ्हाईक येतंय आन इचारतंय, बोलनारी हाय का? जामखेडहून येत्यात, कर्जतहून येत्यात, भिमाबाईंची ती शिंकंची द्या. आन आत्याला त्याचं काय बी वाईट न्हाई. म्हनली, बरं झालं, दोघी बी घावलो एका जागी.

आता लोक मागं लागल्यात, दुसरी काढा. आत्या तयार हाय. नवी गानी रचली, श आन स बघून बघून टाळल्यात, कवळीला झेपतील आशी. माधुरी बी तयार हाय, कोरस आधी बोलून घेतलाय तिनं, किती वढायचा ते मी सांगायचं न्हाई. ऱ्हायले सर. बिगर शिंकंची कॅसेट कोन घेतंय? म्हनून फोन केला सरांना. सर काय नको म्हनले न्हाईत, उलट खुशच झाले. म्हनले, "येतो की महेंद्रराव, आनंदाने येतो. फक्त मला सर्दी दिवाळीशिवाय होत नाही."

तर आता आमी थंडीची वाट बघतोय. काय करता.